शैलाच्या जिल्ह्यात

यवतमाळला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, कोणाकडे लग्न होतं? पुण्याची माणसं महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, अलीकडे ऊठसूट युरोपलाही जातात. यवतमाळला मात्र लग्नकार्य असेल नाहीतर सरकारनं बदली केली असेल तरच. मी गेले गाण्यासाठी. आणि खरं सांगायचं तर थोडीशी मिरवायला.

त्याचं असं आहे. शैला आणि मी एकाच गुरूंच्या शिष्या. गुरुजी म्हणायचे, वसूचा गळा आणि शैलाचा कान एका बाईत असते तर माझी काळजी मिटली असती. मी त्यातलं माझ्यापुरतं तेवढं लक्षात ठेवलं. शैलाचं लग्न यवतमाळच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या घरात झालं तेव्हा आमच्या क्लासातल्या सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. गेलं हिचं गाणं, सरकीत गेलं, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मीही तोंड उतरवून उभी होते, पण पोटात गार वाटत होतं. तेव्हापासून शर्यतीत मी एकटीच आहे अशा समजुतीत मी बरीच वर्षं सुखानं काढली.

मग बातम्या यायला लागल्या. शैलानं गाण्याची शाळा काढली. शैलाच्या शाळेची पुसदला शाखा निघाली, मग वणीला. शैलाच्या मुली आकाशवाणीवर लागल्या. शैला दर हिवाळ्यात सकाळची मैफल भरवते आणि तिथे बसायला जागा नसते. अध्यक्ष मीही आहे, पुण्यातल्या एका जुन्या संगीत संस्थेची. आमच्या गेल्या सभेत तास-दीड तास खल झाला तो चहा मध्यंतरात द्यावा की सुरुवातीला, यावर. आमच्या श्रोत्यांत गुडघे न दुखणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

अशा शैलानं मला गायला बोलावलं. मी लगेच हो म्हणाले आणि केतकीला सोबत घेतलं. केतकी दहावीत असल्यापासून माझ्याकडे शिकते. माझ्यामागे तंबोरा घेऊन बसते, स्वरसाथ करते, म्हणजे मी श्वास घेते तेव्हा मागून सूर धरून ठेवते. शिष्या मला पुष्कळ झाल्या. कोणी लग्न करून गेल्या, कोणी कंपनीत गेल्या, कोणी नुसत्याच गेल्या. माझं गाणं माझ्यामागे कुठे उरणार असेल तर ते या एका मुलीत. तीच मला शैलाला दाखवायची होती. तुझ्याकडे शाळा असेल बाई, माझ्याकडे केतकी आहे.

लोहारा

धामणगावला गाडीतून उतरलो तर शैला स्वतः मोटार घेऊन आलेली. ड्रायव्हर वगैरे नाही, स्वतः चालवत होती. मला आजतागायत स्कूटीसुद्धा येत नाही. फलाटावरचा चहावाला तिला नमस्कार करून गेला, तिकीट तपासनीसानं तिच्या मुलीची चौकशी केली, आणि ती मला मिठी मारून म्हणाली, "वसू, काहून एवढी सुकली व तू? जेवत नाही का?"

मी सुकलेली नाही. पण पंधरा माणसांदेखत मला तसं म्हणून झालं होतं.

प्रवासात माझा तंबोरा मी कोणाच्या हातात देत नाही. तो मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि त्याला धरून मी मागे बसले. साहजिकच केतकी पुढे, शैलाशेजारी. यवतमाळपर्यंत दोघींच्या गप्पा चालल्या होत्या आणि मला त्यातलं निम्मं ऐकू येत नव्हतं. मी बाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस फुटलेला, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिला होता. आमच्याकडे बाभळीला प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. इथे बाभळीसुद्धा नटलेल्या बघून मला उगीचच राग आला.

शैलाची शाळा लोहाऱ्याला आहे, शहराच्या टोकाला, औद्योगिक वसाहतीत. सासरच्यांचं रुईचं जुनं गोदाम तिनं मागून घेतलं. वर उंच पत्रे, खाली सतरंज्या, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या. पुण्यात आम्ही सभागृहाचा आवाज सुधारायला तज्ज्ञ बोलावला होता. त्यानं अहवाल दिला, आवाज होता तसाच आहे. मी त्या गोदामात एक षड्ज लावून पाहिला. इतका स्वच्छ ऐकू आला की मी दुसरा लावला नाही.

चहा पिताना शैलानं शाळेचा रिवाज सांगितला. इथे पाहुण्या कलाकाराला शाल-नारळ देत नाहीत. पाहुण्यानं आपल्या गाण्याआधी शाळेतल्या एखाद्या मुलीच्या मागे तंबोरा घेऊन बसायचं आणि तिला स्वरसाथ करायची. आतापर्यंत आलेला प्रत्येक जण बसला आहे. मी म्हटलं, अगं, हे उलटं झालं. शिष्य गुरूच्या मागे बसतो.

"रोज तसंच बसतेत ना," शैला म्हणाली. "एक दिवस पाहुणा मागं बसते. पोरीइले कळते आपल्या मागं कोण आहे ते."

केतकीला हे फार आवडलं. ती दोनदा म्हणाली, किती छान. एकदा म्हटलं असतं तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती आवाजानं. स्वयंपाकघरात शैला रियाज करत होती. मी पांघरुणात पडून ऐकलं. माझ्या हिशेबानं इतक्या वर्षांत तो गळा गंजायला हवा होता. सभा, परवानग्या, शाखा, मुलींचे आईबाप, हे सगळं करणाऱ्या बाईचं गाणं राहतं का? ते राहिलं तर होतंच, वर पिकलं होतं. खर्जात ती अशी उतरत होती की जणू तिला कुठे जायची घाईच नाही. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं, तरी ऐकू येतच होतं.

पुसद

पुसदच्या वाटेवर सागाची झाडं आहेत, हिवाळ्यात पानं वाळून ती पायाखाली पापडासारखी वाजतात. शाखा चालवतात ते राठोड सर, तिथल्याच एका शाळेत शिक्षक. त्यांचे आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. आता बंजारा तांड्यावर त्यांची शेती आहे आणि तांड्यावरच्याच बऱ्याच मुली त्यांच्याकडे गायला येतात. घरात गोरबोली, शाळेत मराठी, आणि बंदिशी ब्रजभाषेत, असा त्या मुलींचा तिहेरी संसार. एक मुलगी ताना घेताना डोळे घट्ट मिटून घेत होती. सरांनी तिला तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि तिनं डोळे उघडून पुन्हा घेतली, अगदी सरळ.

सर स्वतः फार गात नाहीत, हे त्यांनी आपणहून सांगून टाकलं. मग शैलाबद्दल बोलायला लागले आणि थांबेनात. बाई पावसाळ्यात एस.टी. बंद होती तर ट्रॅक्टरवर बसून आल्या. बाईंनी मुलींच्या आयांना आधी गायला बसवलं, मग मुलींना. मी माझ्या संस्थेबद्दल दोन वाक्यं बोलले. ते हो हो म्हणाले आणि पुन्हा बाईंकडे वळले.

जेवण त्यांच्या घरी, तांड्यावर. सरांच्या आईनं, तिला ते याडी म्हणतात, सोले-वांगे केले होते. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. ते वाटून, वांग्यांबरोबर झणझणीत रस्सा करतात आणि सोबत ज्वारीची गरम भाकर. आमच्याकडे तूर ही फक्त डाळ होऊन, पुड्यात बसून येते. तिला बालपण असतं हेच आम्हाला ठाऊक नाही. मी तीन वेळा रस्सा घेतला. याडीनं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहताना बघून गुळाचा खडा पुढे केला आणि शैलाकडे बघून काहीतरी म्हणाली. शैला हसली. तिला गोरबोलीही येते, हे त्या दिवशी कळलं.

वणी

वणीला करंजी, मारेगाव करत गेलो. वणी जवळ येतं तसा रस्त्याचा रंग बदलतो. कोळशाचे ट्रक एकामागे एक, झाडांची पानं काळी, चहाच्या टपरीवरचे पेलेसुद्धा काळवंडलेले. शाळेची शाखा एका टायरच्या दुकानावर आहे. खाली हातोड्यांचा ठोक, बाहेर हॉर्न, आणि वर पंधरावीस मुली षड्ज लावून बसलेल्या. हॉर्न वाजला की त्या थांबत नाहीत, त्याच्या खालून सूर पुढे नेतात. मी दार उघडून आत पाऊल टाकलं आणि मला जो ठसका लागला तो दोन दिवस गेला नाही.

तिथला वर्ग प्रणाली घेते. वणीचीच मुलगी, वडील खाणीत. सकाळच्या मैफलीत मी जिच्या मागे बसायचं होतं ती हीच. सडपातळ, अबोल, आणि आवाज असा की मी केतकीकडे पाहणं टाळलं. ती आता पुढच्या शिक्षणाला नागपूरला जाणार होती आणि तिच्या जागी वर्ग कोण घेणार याची शैलाला काळजी होती. हे मला कळलं तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. पण मी खोकत होते.

मी खाली गरम पाणी प्यायला गेले. परत वर आले तर केतकी मुलींच्या मधोमध बसलेली. प्रणालीनं तिला सहज म्हटलं होतं, तुम्ही सांगता का थोडं? भूपाचा साधा आरोह. एका मुलीचा गंधार वर जात होता. केतकीनं तिला टोकलं नाही. स्वतः तोच सूर हळूच लावून धरला आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघत राहिली, ती मुलगी खाली उतरून त्यात मिसळेपर्यंत. मग दोघी हसल्या. मी दारात उभी होते. माझ्या घरी शिकताना केतकी अशी कधी हसलेली मला आठवली नाही. शैला माझ्याशेजारी उभी होती आणि तीही बघत होती, पण वेगळ्या डोळ्यांनी.

पुन्हा लोहारा

मैफलीला सकाळी सातपासून माणसं. स्वेटर घातलेली मुलं, कानाला मफलर बांधलेले शेतकरी, कॉलेजातल्या मुली, सरकारी कचेरीतले लोक, वणीहून रात्रीच निघून आलेल्या बाया. झणझणीत रस्सा ओतलेल्या तर्री-पोह्यांचा वास. मला आमच्या पुण्याच्या सभागृहातल्या रिकाम्या मागच्या रांगा आठवल्या आणि माझे पोहे थंड झाले.

प्रणाली ललत गाणार होती. ललतात पंचम नाही, म्हणून मी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर उतरवली आणि तिच्या मागे बसले. दुसऱ्या तंबोऱ्यावर शैलानं केतकीला बसवलं. इतक्या वर्षांत मी कोणाच्या पाठीकडे बघत बसले नव्हते. समोरची माणसं माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे बघत होती. ती छान गात होती. फार छान गात होती, आणि मला ते सहन होत नव्हतं.

मध्यावर तिनं हात थोडा मागे आणला. म्हणजे, तुम्ही घ्या. रिवाज असा की मागच्यानं दोन-चार स्वरांची जागा भरायची आणि समेच्या आत, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर यायच्या आत, बंदिशीचा मुखडा पुढच्याच्या हवाली करायचा. मी घेतलं ते सोडलंच नाही. एक आवर्तन, दुसरं, मग तान, मग त्या तानेवर तान, आणि समेवर मीच येऊन बसले. घसा खरखरत होता, तरी गळा शेवटी माझाच. टाळ्या पडल्या. प्रणाली दोन्ही हात मांडीवर ठेवून माझं संपायची वाट बघत होती. माझं झाल्यावर तिनं गायला सुरुवात केली, पण तिचा धागा तुटला होता. बडा ख्याल तिनं लवकर आटोपला, द्रुत गायली आणि नमस्कार करून उठली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग मी शेजारी पाहिलं. केतकी तंबोऱ्याला कपाळ टेकवून बसली होती आणि वर बघत नव्हती.

शैला मध्यंतरात गरम पाणी घेऊन आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "छान गायलीस. पण ती मैफल तिची होती व."

मग माझी तोडी. दोन्ही तंबोरे पंचमावर आणले, मागे केतकी आणि शाळेतली एक मुलगी. अर्धा तास नीट गेला. मग मी तार षड्जाकडे निघाले आणि वणीचा सगळा कोळसा एकदम माझ्या घशात आला. आवाज फुटला नाही, पुरता बंद झाला. एवढ्या माणसांसमोर माझं तोंड उघडं आणि आत काही नाही. माझा हात आपोआप मागे गेला.

केतकीनं माझ्या धैवतापासून उचललं. जोरात नाही. वर गेली, षड्जाला पोचली, तिथे थांबली, आणि गोदामात पत्र्यावरचं कबुतरसुद्धा हललं नाही. तिला तिथे आणखी कितीही थांबता आलं असतं, लोक तिच्या हातात होते. पण ती खाली आली आणि मुखड्याचा पहिला शब्द घेऊन माझ्यासाठी थांबली. तेवढ्यात माझा श्वास परतला होता. सम मी घेतली. ती तिनं मला दिली होती.

समोर पहिल्या रांगेत शैलाचे डोळे भरले होते आणि ते केतकीवर होते. मी जळले. शैलावर नाही, केतकीवर. तो षड्ज मी तिला शिकवला होता, आणि मला तो कधी तसा लागला नव्हता.

जेवताना शैलानं सरळच विचारलं. मुलीला मागणी घालतात तसं.

"वसू, तुही केतकी मले दे. वणीच्या पोरीइसाठी. मी समोरून मागून राह्यली, तिच्याशी तुह्या मागं बोलली नाही. तू नाही म्हणशील तं विषय संपला."

मी म्हटलं, तिची तयारी आहे का ते बघ. मला खात्री होती की नसेल. पुण्यात वाढलेली मुलगी, टायरच्या दुकानावर काय राहणार? केतकी वाढायला आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्या ताटात भाकर वाढली आणि माझ्याकडे न बघता शैलाला वाढायला वळली. तेव्हा मला कळलं.

धामणगाव

परतताना मी तंबोरा केतकीकडे दिला आणि पुढे बसले. पण पुढे बसूनही मी बाहेरच्या बाभळीच बघत राहिले. शैला स्टेशनवर आम्हाला सोडून लगेच निघून गेली. आम्हाला एकटं सोडायचं तिला कळलं, तिचा कान तसाच आहे.

फलाटावर मी केतकीला विचारलं, माझं काय चुकलं? सकाळचं ललतातलं तर चुकलंच, पण त्याआधी? मी तुला पुढे बसवलं नाही म्हणून? रागावते म्हणून? मी भांडणाची तयारी करूनच विचारलं होतं. भांडली असती तर मला रडता तरी आलं असतं.

"तसं काहीच नाही ताई," ती म्हणाली. "मला शिकवायला आवडतं. ते मला परवा वणीत कळलं."

एवढंच. त्यात मी कुठेच नव्हते. तिनं मला सोडून जायचं कारणसुद्धा माझ्याबद्दल नव्हतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली की तुम्ही जाऊ नको म्हणालात तर मी जाणार नाही. ती खरं बोलत होती, हे मला माहीत होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडात तयार होता. गाडी येत असल्याचं फलाटावर सांगायला लागले, हमाल उठले, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गंधार धरून बसलेली केतकी येत राहिली, भुवया उंचावलेली.

मी म्हटलं, "जा. पण कोणाकडे शिकलीस असं कोणी विचारलं तर..."

"तुमचंच नाव सांगणार ना."

"शैलाचं नाही."

"नाही ताई," ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला भर फलाटावर नको म्हणाले, कारण मला उभं राहायला तिचा खांदा हवा होता.

पुणे

केतकी सामान बांधून गेली त्याला आता महिना होईल. सकाळी मी पेटीतला विजेचा तंबोरा लावून बसते. तो कधी सुरातून उतरत नाही आणि मागून कधी काही उचलत नाही. संस्थेच्या सभेत चहा मध्यंतरात द्यायचं ठरलं.

परवा तिचा फोन आला. मागे ट्रकचा हॉर्न आणि पोरींचा गलका. ती म्हणाली, "ताई, या चुकल्या ना की मी अगदी तुमच्यासारखी ओरडते."

मी विचारलं, "मग रडतात का?" केतकी रडायची, ते मला चांगलं आठवतं.

"नाही, हसतात. आणि मग मुद्दाम पुन्हा चुकतात."

ती सांगताना स्वतःच हसत होती. तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली, ताई, या ना, आमी सूर लावून बसलो. हो हो, आले, असं म्हणत तिनं घाईनं फोन ठेवला. शैलाचा हेवा मी आयुष्यभर केला, केतकीचा त्या तोडीपासून करते आहे. आणि परवा मला वणीच्या टायरच्या दुकानावर बसलेल्या त्या पोरींचा हेवा वाटला. मला असं चुकता आलं नाही कधी, कोणासमोरच.